मिनिटबाईंनी मारलेल्या रेघा

मिनिटबाई हे नाव आगारातल्या ड्रायव्हर लोकांनी ठेवलं होतं, आणि ते काही लाडाने ठेवलेलं नव्हतं. सव्वाआठची गाडी आठ सोळाला फाटकाबाहेर पडली की बाई खिडकीतून मान बाहेर काढून ओरडायच्या, "एक मिनिट!" ओरडून झालं की तक्त्यातही तसंच लिहायच्या. ड्रायव्हर म्हणायचे, "बाई, एका मिनिटाने कुणाचं काय अडलंय?" बाई म्हणायच्या, "माझं अडलंय. गाडी कधी सुटली ते लिहायचं, एवढं एकच काम आहे मला. ते तरी नीट करू द्या." अशी एकवीस वर्षं त्या खिडकीत गेली.

खोली केवढी, तर खुर्ची मागे सरकवली की कपाटाला लागायची. फाटकाकडे उघडणारी खिडकी, भिंतीवर शाळेत असतं तसं गोल घड्याळ, एका कोपऱ्यात सनमायका उचललेलं टेबल, आगारातले सगळे आवाज ज्यात एकदम ऐकू यायचे असा फोन, आणि एक फूटभर लांबीची स्टीलची पट्टी. डिझेलचा वास इतका मुरला होता की बाईंना तो घरी गेल्यावर यायचा, आगारात यायचा नाही.

त्या पट्टीचं आधी सांगितलं पाहिजे. बाई नोकरीला लागल्या तेव्हा निवृत्त होत असलेल्या म्हाताऱ्या नियंत्रकांनी एका सकाळीत सगळं काम शिकवलं. पहिल्या रकान्यात फेरीची ठरलेली वेळ, दुसऱ्यात सुटलेली वेळ, तिसऱ्यात फरक. बाईंनी विचारलं, "आणि गाडी सुटलीच नाही तर?" म्हाताऱ्याने ड्रॉवरमधून पट्टी काढली, ओळीवर ठेवली आणि निळ्या पेनाने आडवी रेघ ओढली. "मग ती आपल्या तक्त्यात नाही. रेघ वाकडी गेली तर तपासणीवाले विचारतात. सरळ गेली तर कोणी काही विचारत नाही." असं म्हणून त्यांनी पट्टी बाईंच्या हातात दिली आणि चहाला निघून गेले.

बाईंचा हात मुळातच सरळ होता. एकवीस वर्षांत कोणी काही विचारलं नाही.

महिनाअखेर आगाराचा कारकून तक्ते घेऊन बसायचा. रेघ मारलेल्या ओळी सोडून द्यायच्या, उरलेल्यांपैकी वेळेवर सुटलेल्या किती ते काढायचं, की झाला आगाराचा वक्तशीरपणा. हिशेब सोपा होता आणि त्यातली मेखही सोपी होती, पण ती दिसायला कोणी शोधावी तर लागते. ज्या वर्षी टायर मिळेनासे झाले, त्या वर्षी आगारातल्या निम्म्याअर्ध्या गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढून बसल्या होत्या. उरलेल्या गाड्यांना ड्रायव्हर मुबलक, मेकॅनिक मुबलक, त्या घड्याळ लावल्यासारख्या सुटायच्या. त्या वर्षी आगाराला अठ्ठ्याण्णव टक्के पडले आणि शहरातल्या सर्वोत्तम आगाराची ढाल मिळाली. गाड्या नसल्याबद्दल बक्षीस मिळवणारं हे पहिलंच आगार असावं. आगारप्रमुख साहेबांनी ढाल छातीशी धरून फोटो काढून घेतला. मागे ठोकळ्यांवरच्या गाड्या येत होत्या म्हणून फोटोवाल्याला दोन पावलं डावीकडे सरकायला लावलं.

मिनिटबाईही त्या फोटोत आहेत. दुसऱ्या रांगेत, कडेला, हसतमुख. हे नंतर त्यांना फार लागलं.

ढाल आल्यावर दोनच आठवड्यांनी सूचनाफलकावर कागद लागला. मार्ग क्रमांक तेवीस, पुरेशा प्रवाशांअभावी, बंद करण्याचे योजले आहे, हरकती असल्यास दोन महिन्यांत कळवाव्यात. बाईंनी तो येता जाता वाचला. त्यांना एवढंच वाटलं, की आता सुटीच्या दिवशी ननंदेकडे जायचं कसं.

बाईंचा नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. पण नवरा गेला म्हणून ननंद थोडीच सुटते. ही ननंद त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी, एकटी, तेवीस नंबरच्या शेवटच्या थांब्यापाशी दोन खोल्यांत राहायची आणि सरकारी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. दिवसभर वाफेत उभं राहून चादरी काढायच्या, त्यामुळे हातांची कातडी पांढरी आणि बोटं कायम सुरकुतलेली. जीभ मात्र अजिबात सुरकुतली नव्हती. लग्न होऊन आलेल्या वहिनीला पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "तुला हसता येतं, का शिकवायचं?" तेव्हापासून दोघींचं जे भांडण सुरू झालं ते कधी थांबलंच नाही, आणि नवरा गेल्यावर तर त्या भांडणाचाच बाईंना आधार झाला. दर आठवड्याच्या सुटीला दुपारच्या रिकाम्या तेवीस नंबरने त्या ननंदेकडे जायच्या, चहा प्यायच्या, वाद घालायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या.

ननंदेची एक गोष्ट मिनिटबाईंच्या डोक्यात जायची. तिच्या मनगटावरचं घड्याळ अर्धा तास पुढे असायचं. मिनिटाला जपणाऱ्या बाईच्या नात्यात हे असलं घड्याळ. बाई दर वेळी म्हणायच्या, "ताई, द्या इकडे, नीट लावून देते." ननंद मनगट पाठीमागे न्यायची आणि म्हणायची, "माझं माझ्यापाशी बरं आहे."

त्या सुटीला बाईंनी दारात चपला काढता काढता बातमी सांगितली. "ताई, तेवीस नंबर बंद करतायत."

"चालू कधी होती?" ननंद म्हणाली.

"असं काय बोलता? सत्त्याण्णव टक्के वेळेवर आहे तुमची तेवीस नंबर. मी स्वतः लिहिते."

ननंद उठली. तिने गादीखालून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि वहिनीच्या हातात दिला. "वाच. मोठ्याने वाच. चष्मा देऊ का माझा?"

कागद आगाराच्या शिक्क्याचा होता. इस्पितळाच्या पत्राला उत्तर म्हणून दिलेला. 'सदर दिवशी मार्ग क्रमांक तेवीसवरील कोणतीही फेरी उशिरा सुटलेली नाही, असे प्रमाणित करण्यात येते.' खाली सही होती बाईंची स्वतःची, ती त्या डोळे मिटूनही ओळखू शकल्या असत्या.

"हे काय आहे?"

"मी कामावर उशिरा गेले. म्हटलं, पाच पन्नासची बस आली नाही. धुलाईखान्यावरच्या जुन्या बाई होत्या तोवर ऐकून घ्यायच्या. नवा साहेब आलाय, तो म्हणाला, विचारून बघतो. विचारलं. तर हे आलं. मग मला मेमो. एकदा नाही, दोनदा. तिसरा आला की घरी बस म्हणालाय."

"पण बस त्या दिवशी खरंच आली नव्हती का?"

"नव्हती."

"मग बरोबरच आहे की," मिनिटबाईंच्या तोंडून निघून गेलं. "जी गाडी सुटलीच नाही ती उशिरा कशी सुटेल?"

 एकवीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कितीदा तरी म्हटलं असेल, कारकुनाला, तपासणीवाल्यांना, फोनवरच्या चिडलेल्या माणसांना. आज पहिल्यांदा ते समोरच्या माणसाच्या तोंडावर जाऊन आदळताना त्यांनी पाहिलं.

"मला आधी का नाही सांगितलंत, ताई?"

"काय सांगू? तू लिहितेस म्हटल्यावर खोटं कसं असेल? पहिल्या वेळी मला वाटलं, बस वेळेवर येऊन गेली असेल, माझंच घड्याळ मागे आहे. दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, घड्याळ बरोबर आहे. मी म्हटलं, तू गप बस, माझी वहिनी आगारात आहे, ती एका मिनिटाची चूक करत नाही. दहा मिनिटं पुढे करून घेतलं. तरी बस नाही. वीस केलं. मग तीस केलं." ननंदेने मनगट पुढे धरलं. "आता मी पाच वीसलाच थांब्यावर जाऊन उभी राहते. बस नाहीच आली तर चालत मोठ्या रस्त्याला जाते. आणखी किती पुढे करू, सांग."

मिनिटबाईंनी चहा तसाच ठेवला. परतीच्या गाडीत त्या अगदी मागच्या बाकावर बसल्या, जिथे सगळ्यात जास्त हिसके बसतात. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि लाजेच्या मागून असा संताप येत होता की आपल्या हातातली पर्स आपण इतकी का आवळून धरली आहे हेच त्यांना कळेना. रेघा त्यांना ठाऊक होत्या. रेघेच्या पलीकडे एक थांबा असतो, त्या थांब्यावर स्वेटर घालून माणसं उभी असतात, हे ठाऊक करून घ्यायची गरज त्यांना कधी पडली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी रेघ मारणं बंद केलं.

गाडी सुटली नाही की त्या ओळीत त्या लिहायच्या, 'सुटली नाही.' दुसऱ्या रकान्यात शून्य नाही, फुली नाही, दोन शब्द. कारकुनाने विचारलं, हे बेरजेत कसं धरू? बाई म्हणाल्या, "वेळेवर सुटली का? नाही ना? मग वेळेवर नाही." महिनाअखेर आगाराचे अठ्ठ्याण्णव टक्के सरळ एकोणसाठवर आले. ढाल भिंतीवर होती तिथेच होती, पण साहेबांना ती बघवेना.

साहेबांनी बाईंना बोलावलं. साहेब तसे वाईट गृहस्थ नव्हते. कपड्यांना इस्त्री, बोलणं मऊ, आणि आकडा चांगला दिसला की माणूस लहान मुलासारखा खूश. त्यांची चूक एवढीच, की आकडा चांगला दिसला म्हणजे काम झालं असं त्यांना मनापासून वाटायचं. अशी माणसं वाईट माणसांपेक्षा जास्त नुकसान करून ठेवतात, कारण त्यांना रात्री झोप छान लागते.

"बाई, तुम्ही आगाराचा आकडा बिघडवलात."

"आकडा नाही साहेब, गाड्या बिघडल्यात. मी फक्त लिहिलं."

"एकवीस वर्षं रेघ मारत होता ना? तेव्हा काय झालं होतं?"

"तेव्हा अक्कल नव्हती."

"हे बघा, जुन्या सगळ्या तक्त्यांवर सही तुमची आहे. उद्या कोणी विचारलं तर रेघा कोणी मारल्या? माझी तर एकही नाही." साहेब अगदी समजुतीने बोलत होते. "कशाला आगीत हात घालता? नोकरीची सात वर्षं राहिलीत तुमची. पट्टी घ्या, नीट काम करा."

बाईंनी पर्समधून पट्टी काढली. ती त्यांनी येतानाच आणली होती. साहेबांच्या टेबलावरच्या काचेवर ठेवली तेव्हा तिचा खणकन आवाज झाला. "तुमच्यापाशीच असू द्या, साहेब. मला आता लागायची नाही." आणि परत खिडकीत येऊन बसल्या. 

पुढच्या सुटीच्या दिवशी त्या दुपारऐवजी पहाटे निघाल्या आणि पाच वाजता तेवीस नंबरच्या मधल्या एका थांब्यावर वही घेऊन उभ्या राहिल्या. आजवर त्यांनी गाड्या सुटताना मोजल्या होत्या, येताना कधी मोजल्या नव्हत्या. पाच पन्नासची परतीची फेरी त्या दिवशी होती. ती आली, वेळेवर आली, आणि थांब्यावरच्या नऊ माणसांनी हात वर केलेले असताना न थांबता निघून गेली. ड्रायव्हरला बाईंनी ओळखलं. त्याचं आगारातलं नाव विमान. नऊ माणसं धुरात उभी राहिली, आणि कोणी शिवीसुद्धा दिली नाही. हे रोजचंच आहे असं दिसत होतं. बाईंना त्या न दिलेल्या शिवीचा जास्त राग आला.

दुपारी त्यांनी विमानला आगाराच्या नळापाशी गाठलं. "थांबला का नाहीस रे?"

"प्रत्येक थांब्यावर थांबलो तर शेवटी सात मिनिटं उशीर होतो," तो तोंड धुताधुता म्हणाला. "सात मिनिटं उशीर झाला की खिडकीतून कोण ओरडतं? तुम्हीच ना? मला वेळ विचारतात, बाई. किती माणसं घेतली ते आजवर कोणी विचारलं नाही."

बाईंनी हेही वहीत लिहिलं. स्वतःच्या विरुद्धचं होतं, म्हणून जरा ठळक लिहिलं.

हरकतींची मुदत सरत आली तेव्हा त्यांनी रजा घेतली आणि तेवीस नंबरचे वर्षभराचे तक्ते आगाराच्या रेकॉर्ड खोलीत बसून चाळले. तक्ते बाहेर न्यायची परवानगी नव्हती, उतरवून घ्यायला मनाई कोणी केली नव्हती. धुळीने डोळे लाल झाले. आपल्याच रेघा, एकीपेक्षा एक सरळ, मोजत मोजत बाई खाली जात होत्या. आणि त्या मोजताना त्यांना एक गोष्ट सापडली, जी सापडल्यावर त्या एकट्याच त्या खोलीत मोठ्याने हसल्या. ते हसणं काही चांगलं नव्हतं.

हरकतींची सुनावणी मुख्य कार्यालयात होती. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, मधोमध अध्यक्षबाई. समोरच्या खुर्च्यांत हरकत घेणारे म्हणून सहाच जण, त्यातली एक ननंद, अर्धा दिवस रजा टाकून आलेली. बाकीच्यांना कामावरून सुटता आलं नव्हतं. साहेबांनी उभं राहून आकडे वाचले. मार्ग तेवीस, गेल्या वर्षीचा वक्तशीरपणा सत्त्याण्णव टक्के. म्हणजे सेवेत काही कसूर नाही. तरीही दर फेरीला प्रवासी सरासरी अकरा. पंधराच्या खाली मार्ग बंद करावा असा नियम आहे. "लोकांनाच बस नको असेल तर आपण काय करणार?" साहेब खेदाने म्हणाले.

मिनिटबाई उठल्या. आयुष्यात त्या एवढ्या लोकांसमोर कधी बोलल्या नव्हत्या, त्यामुळे आवाज नको तितका मोठा निघाला. "अकरा कसे काढले, साहेब?"

"विकलेली तिकिटं भागिले फेऱ्या."

"किती फेऱ्या?"

साहेबांनी कागद पाहिला. "पाच हजार एकशे दहा."

"तेवढ्या ठरलेल्या होत्या. सुटल्या तीन हजार सहासष्ट. उरलेल्या दोन हजार चव्वेचाळीस ओळींवर मी रेघ मारली आहे. मोजून आणल्यात." बाईंनी वही टेबलावर ठेवली. "वेळ काढताना तुम्ही म्हणता, त्या फेऱ्या नव्हत्याच. आणि माणसं काढताना म्हणता, त्या होत्या पण रिकाम्या गेल्या. एक काहीतरी ठरवा. सुटलेल्या फेऱ्यांनी भागा. अठरा येतात."

खोलीत कोणीतरी मोबाइलवर भागाकार करून पाहिला. अठरा आले. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"या रेघा मारायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? लेखी आदेश आहे का?"

"लेखी नाही. पट्टी दिली होती."

"म्हणजे जबाबदारी तुमचीच येते, हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय." बाईंनी ननंदेकडून तो घडी घातलेला कागद घेतला आणि पुढे सरकवला. "हाही माझाच. पाच पन्नासची फेरी गेल्या वर्षी एकशे अठ्ठेचाळीस सकाळी आली नाही. आणि मी लिहून दिलंय की उशीर झालेला नाही. या बाईंना त्यावरून दोन मेमो आहेत. मला जी काय शिक्षा द्यायची ती द्या, मी कुठे पळून जात नाही. पण आधी बस द्या. बस दिल्यावरही माणसं आली नाहीत, तर मी स्वतः शेवटच्या थांब्यावर जाऊन बंदचा बोर्ड लावीन."

मागून ननंद बसल्याबसल्या म्हणाली, "आणि शिडी मी धरीन." साहेब सोडून सगळ्यांना हसू फुटलं.

निर्णय असा झाला, की तेवीस नंबर तीन महिने चालू ठेवायची, ओळ कोणतीही गाळायची नाही, वेळ दोन्ही टोकांना नोंदवायची आणि थांब्यावर किती माणसं किती वेळ थांबली तेही लिहायचं. बाईंवर चौकशी बसवायची. शेवटच्या थांब्यावर नोंदीला माणूस कुठून आणायचा, असा प्रश्न निघाला तेव्हा साहेब घाईघाईने म्हणाले, "ज्यांनी हे उकरून काढलं त्यांनाच पाठवा." तिथे नळ नाही, खोली नाही, ऊन थेट तोंडावर येतं, हे साहेबांना चांगलं माहीत होतं. बाईंनी विचारलं, "उद्यापासून, का परवापासून?"

परवापासून ठरलं. पत्र्याची शेड, एक खुर्ची, एक टेबल, शिक्का आणि बाईंचं स्वतःचं घड्याळ. पहिल्या सकाळी पाच वीसला ननंद आली, रांगेत पहिली. पाठोपाठ बाकीचे आले. पाच पन्नास झाले. बस नाही. सहा झाले. रांगेत एकतीस माणसं होती आणि प्रत्येकाने एकदा तरी बाईंकडे पाहून घेतलं होतं.

बाईंचा मोबाइल वाजला. साहेब होते. "बाई, गाडीचा क्लच गेलाय. पहिल्याच दिवशी असा आकडा बरा दिसत नाही. ही एक ओळ गाळा, दुसऱ्या फेरीपासून धरू."

"साहेब, पट्टी तुमच्या टेबलावर आहे."

"हट्टाला काय पेटलात? चौकशी सुरू आहे तुमची, विसरू नका."

"विसरले नाही. त्यातही हेच सांगीन. इथे एकतीस माणसं उभी आहेत आणि मी त्यांना एकेक करून लिहून घेतलंय. दुसऱ्या मार्गाची गाडी काढा, नाहीतर तुम्ही स्वतः या आणि यांच्यासमोर रेघ मारा. मी पेन देते." बाईंनी फोन ठेवला.  

सहा सतराला बस आली. चालवत विमान होता आणि थेट पांढऱ्या पट्ट्यावर आणून त्याने ती उभी केली, दार बरोबर रांगेसमोर. खिडकीतून ओरडला, "सत्तावीस मिनिटं, बाई! लिहा!"

बाईंनी लिहिलं. मग तक्ता बाजूला ठेवून दुसरा कागद ओढला, त्यावर चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि ननंदेला हाक मारली. 'आज सकाळी पाच पन्नासची फेरी आली नाही. पुढची गाडी सत्तावीस मिनिटांनी आली. या बाई पाच वीसपासून थांब्यावर हजर होत्या, हे मी स्वतः पाहिले आहे.' खाली सही.

"मला पण द्या," मागचा माणूस म्हणाला. त्याच्या मागची बाई म्हणाली, "मलाही." बसमध्ये चढायच्या रांगेशेजारी टेबलापुढे दुसरी रांग लागली. विमानने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात टेकून बसून राहिला.

ननंदेने कागद डोळ्यांजवळ धरून पूर्ण वाचला. सहीपाशी आल्यावर थांबली. "अक्षर तेच आहे गं तुझं," ती म्हणाली.  मग एक पाय बसच्या पायरीवर ठेवून तिने मनगट वर केलं.

"नक्की वाजले किती?"

"सहा वीस."

ननंदेने घड्याळाची चावी बाहेर ओढली आणि काटा अर्धा तास मागे फिरवला.